पेन्सिलीचा ठिपका

दसरा होऊन दोन-चार दिवस गेले की सोनपेठातून परळीकडे जाणाऱ्या रस्त्याचा आवाज बदलतो. आमचं घर या रस्त्यालाच लागून आहे, त्यामुळे मला कॅलेंडर बघावं लागत नाही. एरवी इथून एसटी जाते, मोटारसायकली जातात, सोयाबीनची पोती लादलेले टेम्पो जातात. मग एके दिवशी सकाळीच लांबून गाण्याचा दणदणाट ऐकू येतो आणि त्याच्या मागोमाग डबल ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, पोत्यात गुंडाळलेले कोयते, दाव्याला बांधलेल्या शेळ्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आता शिमग्यापर्यंत निम्मी गावं रिकामी.

खरं तर हे दिवस देखणे असतात. तुरीला पिवळा फुलोरा असतो, कापसाची पहिली वेचणी चालू असते, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि दहा वाजता तीच नकोशी होते. गोदावरी भरलेली असते. मला यातलं काही बघायची सवड उरलेली नाही. टोळीच्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला की आई फाटकाकडे धावते. फाटकाला कुलूप असतं. ते मीच लावलेलं असतं.

आई मास्तरीण होती. गोदाकाठच्या एका लहान गावात तिनं जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवला. तिच्याआधी आमच्या सगळ्या भावकीत नोकरी केलेली बाई नव्हती, त्यामुळे तिचं चालणं-बोलणं सगळं एखाद्या परीक्षेला बसल्यासारखं नेटकं असायचं. निळ्या काठाचं पांढरं पातळ, घट्ट अंबाडा, पर्समध्ये खडूचा तुकडा आणि एक शिसपेन्सिल. वर्गात ती पुस्तकातलं बोलायची आणि घरी आली की चपलेबरोबर ती भाषाही दाराशी काढून ठेवायची. मीही तिच्याच वर्गात होते. शाळेत तिला 'बाई' म्हणायचं, असा तिचा नियम होता. एकदा चुकून मी भर वर्गात 'आई, पाणी' म्हणाले. सगळी पोरं फिदीफिदी हसली. तिनं मला उभं केलं आणि म्हणाली, "इथं सगळी माझीच लेकरं आहेत. तुला वेगळं पाणी नाही." मला तिचा इतका राग आला होता की घरी जाऊन मी जेवले नव्हते. संध्याकाळी वडिलांनी समजूत काढली तेव्हा कुठे दोन घास खाल्ले.

त्या वर्गातली निम्मी पोरं दसऱ्यानंतर दिसायची नाहीत. टोळीत नवरा-बायको जोडीनं जातात, मग पोर कुणापाशी ठेवायचं? म्हातारी माणसं असली तर ठेवायचे, नसली तर ट्रॉलीवर घालून न्यायचे. आई टोळी निघायच्या दिवशी शाळा सुटल्यावर पाटलांच्या वडापाशी जायची, मलाही सोबत न्यायची. तिथं गाठोडी बांधणं चालू असायचं. आई एकेका बाईपुढे उभी राहायची.

"पोराला ठिवून जा की गं. माझ्या घरी ऱ्हाईल. माझ्या पोरीसंगं जेवंल."

"बाई, तुमी किती ठिवतान?"

"तू तुझं ठिव. बाकीच्याचं मी बघते."

फार कमी जणी ठेवायच्या. कुणी ठेवलंच तर ते पोर दोन दिवस आमच्या ओसरीवर हमसून रडायचं. आई त्याच्या आईला निघतानाच बजावून सांगायची की ठेवलंस ना, मग आता मागं वळून बघू नको, तू थांबलीस की ते रडतंय. ही तिची युक्ती मला फार निर्दय वाटायची.

जी पोरं गेली त्यांच्यासाठी तिच्याकडे पेन्सिल होती. हजेरीपटावर गेलेल्या पोरांची 'गै' म्हणजे गैरहजेरी सलग लागत गेली की नाव पटावरून कमी करायचं, असा शिरस्ता होता. आई 'गै' लावायचीच नाही. पेन्सिलीनं एक बारीक ठिपका द्यायची. रोज सकाळी हजेरी घेताना ती गेलेल्या पोराचंही नाव पुकारायची, एक श्वास थांबायची, ठिपका द्यायची आणि पुढे जायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पट बघितला आणि भडकले. हे काय चालवलंय, म्हणाले. आई खाली मान घालून उभी होती, पण बोलली. "साहेब, 'गै' म्हणजे नाही. ठिपका म्हणजे येणार." साहेबांनी तिला कागदावर खुलासा लिहायला लावला. तिनं लिहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके दिले.

शिमग्यानंतर पोरं परत यायची, उन्हानं रापलेली, हातापायांना उसाच्या पाचटाचे ओरखडे. दिवाळीआधी शिकवलेलं सगळं साफ विसरून आलेली असायची. स्वतःचं नाव लिहिता येणाऱ्या पोराला त्यातलं एक अक्षरही ओळखू यायचं नाही. ती पोरं शरमून खाली बघायची आणि आई त्यांची पाटी हातात घेऊन पुन्हा ग म भ न पासून सुरू करायची. "इसरलं तर इसरलं," म्हणायची. शाळेतली भाषा ती तेवढ्यापुरती सोडायची. "म्या हाय की परत सांगाया." सहा महिन्यांत विसरलेलं सहा आठवड्यांत येतं, असा तिचा हिशेब होता. मी तिला 'किती वेळा सांगू?' असं कुणाला म्हणताना ऐकलं नाही. हे वाक्य मी आता दिवसातून दहा वेळा तिला म्हणते.

सुरुवात कधी झाली ते मला नेमकं सांगता येत नाही, आणि हीच माझी चूक आहे. तिला स्वतःला मात्र नेमकं माहीत होतं. सोनपेठच्या आठवडी बाजारात एक बाप्या तिच्या पाया पडला. जुना विद्यार्थी असणार, रस्त्यात पाया पडणारे तेच असायचे. आई हसून म्हणाली, "कुणाचा रे तू?" यापूर्वी असा प्रश्न तिला कधी विचारावा लागला नव्हता. पोराच्या मिशा पिकल्या तरी ती त्याला बापाच्या नावासकट ओळखायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला शंभर पानी वही आणायला सांगितली आणि टेबलाशी बसून नावं लिहायला लागली. माझ्या वर्षीच्या वर्गाचा पट. आधी मुलगे, मग मुली, पूर्वीच्याच क्रमानं. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाली, "सुजा, मी इसरायलेय गं."

मी काय म्हणाले? "वयानं होतं आई, मलासुद्धा चष्मा सापडत नाही." असं म्हणून मी तहसील कचेरीत कामाला निघून गेले. तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मदत मागितली होती. तो दिवस मला परत मिळाला तर मी कचेरीत जाणार नाही, एवढंच म्हणू शकते. त्यानं काही वाचलं असतं असं नाही. पण ती शुद्धीत होती, घाबरली होती, आणि मी तिला चष्म्याचा विनोद सांगितला.

परभणीच्या डॉक्टरांनी तिच्या मेंदूचा फोटो उजेडावर धरून दाखवला. काळ्या फटी रुंद झाल्या होत्या. उन्हाळ्यात आमची काळी रानं भेगाळतात, मला तेच दिसलं. डॉक्टर आमच्याच भागातले, साधं बोलणारे. म्हणाले, "मावशीचा मेंदू आटायलाय. गोळ्यानं थोडं हळू व्हईल, थांबणार न्हाई. आधी आत्ताचं जाईल, जुनं लय दिवस टिकंल." मग चष्मा काढून म्हणाले, "इसरण्याचं तुमाला एवढं जड जाणार न्हाई ताई. वागणं बदलंल, ते जड जाईल." मी तेव्हा मनातल्या मनात त्यांच्यावर चिडले होते. विसरण्यापेक्षा जड काय असणार, असं मला वाटत होतं.

वागणं बदललं. ज्या बाईच्या तोंडून कधी 'गाढवा' आलं नाही तिनं शेजारणीला अशी शिवी दिली की मला तिचा अर्थ सांगायला लाज वाटेल. ती भाकरीचे तुकडे उशीच्या अभ्र्यात लपवायला लागली. विहारात सगळे त्रिसरण म्हणत असताना ती मध्येच उठून पातळ सोडायला लागली, तेव्हापासून मी तिला विहारात नेणं बंद केलं. आंघोळ घालताना मला ओरबाडते. माझ्या हाताला आताही तिच्या नखांचे व्रण आहेत. गल्लीत कुणी म्हणे बाईला म्हातारचळ लागलाय, कुणी म्हणे बाहेरचं झालंय, गंडा बांधा. जिनं जन्मभर पोरांच्या गळ्यातले गंडेदोरे आयांना समजावून काढायला लावले, तिला गंडा. मी सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं, पण एका सकाळी ती मला 'चोरटे, खडू चोरतीस?' म्हणत झाडू घेऊन मागे लागली तेव्हा खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात गंडा आला होता.

एकदा मीही तिला मारलं. मनगटावर, जोरात. ती लहान पोरासारखी हात पाठीमागे लपवून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. यापुढचं मी लिहू शकत नाही.

'आई' या हाकेला ती भिते. "मी कुणाची आई न्हाई, मला लेकरं न्हाईत," म्हणते आणि मागे सरकते. मग मी पुन्हा 'बाई' म्हणायला सुरुवात केली. त्या हाकेनं ती ताठ होते, पदर सारखा करते, शांत होते. लहानपणी शाळा सुटली की मला 'आई' परत मिळायची. आता ही शाळा सुटत नाही.

रोज सकाळी ती ओसरीवर खुर्चीत बसते, वही मांडीवर घेते आणि हजेरी पुकारते. वही उघडी असते, पण वाचत नाही. वाचता येणं कधीच गेलं. नावं तोंडपाठ आहेत. मी समोर भाजी निवडत बसते आणि प्रत्येक नावाला 'हजर बाई' म्हणते. सुरुवातीला सगळा पट यायचा. मुलींमध्ये शोभा, मग मी, मग हौसा. 'सुजाता भगवान' म्हटलं की माझा 'हजर बाई' जरा मोठ्यानं जायचा. ती वर बघायची, मान हलवायची. बाकी दिवसभर मी तिच्यासाठी चोरटी, नाहीतर पाणी देणारी कुणी बाई असायचे, पण सकाळच्या त्या एका क्षणाला मी सुजाता भगवान असायचे आणि हजर असायचे. तेवढ्यावर मी दिवस काढायचे.

मग नावं गळायला लागली. शेवटाकडून गळतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही, कुठूनही गळत गेली. मी रोज जीव मुठीत धरून माझ्या नावाची वाट बघायचे. परीक्षेचा निकाल लागताना असा जीव कधी धरला नव्हता. यंदा आषाढात एका सकाळी ती म्हणाली, "शोभा... हौसा..." आणि पुढे गेली. मध्ये थांबलीसुद्धा नाही. माझी जागा रिकामी राहिली असती तरी मी काही बोलले नसते, पण जागाच राहिली नव्हती. हातातली भेंडी तशीच धरून मी तिच्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी मी तिच्याआधी म्हणून बघितलं, "बाई, सुजाता राहिली." ती वैतागून म्हणाली, "मधी मधी बोलू नगं."

शेवटी कोण उरणार, ते मला मागच्या दसऱ्यालाच कळायला हवं होतं. तेव्हा फाटकाला कुलूप नव्हतं. टोळीचा ट्रॅक्टर समोर थांबला आणि मी मागे धुणं वाळत घालत असताना आई रस्त्यावर गेली. ट्रॉलीच्या फळीवर चढून एका पोराचा पाय धरून ओढायला लागली. पोर किंचाळलं, त्याच्या आईनं माझ्या आईच्या हाताला हिसका दिला, आई खाली पडली. मी धावले तोवर टोळीच्या मुकादमानं तिला उचललं होतं. चांगला भरभक्कम माणूस, डोक्याला फेटा. तिच्या पातळाची धूळ झटकत तो म्हणाला, "बाई, मी हाय. मला वळखलं का?"

आईनं त्याच्याकडे बघितलं आणि एका दमात म्हणाली, "रामकिसन लिंबाजी."

तो गडी तिथं रस्त्यात रडला. मला म्हणाला, "ताई, मी पयलीत तीनदा बसलो. दरसाली तोडीला जायचो, दरसाली इसरून यायचो. बाईनं नाव कमी केलं न्हाई." मग तिला ओसरीवर आणून बसवलं, तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि टोळी घेऊन गेला. मी त्याला पाणी दिलं, आभार मानले. मनात मात्र मला त्याचा हेवा वाटत होता, आणि तो हेवा वर्षभर वाढतच गेला.

कारण आता पटावर तेच उरले आहेत, सहा-सात जण. रामकिसन, हौसा, आणखी चार-पाच, सगळे ठिपक्याचे. त्यांची नावं ती अजूनही पुकारते, एक श्वास थांबते आणि हवेत पेन्सिल टेकवते. आम्ही जे रोज वेळेवर, वेणी-फणी करून, पहिल्या रांगेत बसायचो, ते सगळे गेले. मी माझ्यापुरता याचा अर्थ लावला आहे. जे पोर समोर बसलेलं असतं त्याला आठवावं लागत नाही. ती सहा-सहा महिने रोज ज्यांना आठवत होती ती पोरं तिच्यात खोल गेली, आणि मी एक दिवसही तिच्यापासून लांब गेले नाही. तिला सोडावं लागेल म्हणून लग्नसुद्धा केलं नाही. डॉक्टरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, तसं काही नसतं ताई, कुठलं टिकतं अन् कुठलं जातं ते सांगता येत न्हाई. त्यांचंच खरं असेल. मला त्यानं बरं वाटलं नाही.

यंदाही दसरा झाला. परवा सकाळपासून ट्रॅक्टर जात होते. आई फाटकाच्या गजांना धरून उभी होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. रात्रीची तिची घाण झालेली पातळं मी बोअरच्या नळावर धुवून आणली, पिळ्यांचं गाठोडं डोक्यावर, साडी खोचलेली. कुलूप काढून आत आले आणि आई मला आडवी आली. गाठोड्याकडे बघत होती.

"तोडीला चाललीस का गं माय?"

माझ्या तोंडून 'नाही' निघणार होतं. पण तिचा आवाज इतका मऊ होता, तसा मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. "व्हय बाई," मी म्हणाले.

"पोरगी कुठाय तुजी?"

"हाय हितंच."

"कितवीत?"

"पयलीत."

"नाव काय म्हणलीस?"

मी सांगितलं नव्हतं. गाठोड्याचं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. "सुजाता," मी म्हणाले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथं काही हललं नाही.

"चांगलं नाव हाय," ती म्हणाली. माझं मनगट धरलं, जिथं एरवी ओरबाडते तिथंच. "ठिवून जा तिला माझ्यापाशी. खाऊ घालते, शिकविते. उसात नगं नेऊ लेकराला. पाया पडते तुझ्या." आणि खरंच वाकायला लागली.

मी तिला खांद्याला धरून उभं केलं. "ठिवली बाई. तुमच्यापाशीच ठिवली."

"मग जा तू आता. हितं उभी ऱ्हायलीस तर पोर रडंल. मागं वळू नगं."

मी गेले नसते तर तिनं दिवसभर माझे पाय धरले असते. मी गाठोड्यासकट बाहेर आले आणि फाटक ओढून घेतलं. गजांमधून ओसरी दिसत होती. आई खुर्चीत जाऊन बसली. पदर सारखा केला, वही मांडीवर घेतली, पेन्सिल शोधून हातात धरली. समोरून एक टोळी गात-वाजवत गेली, तिनं मान वर केली नाही. हजेरी सुरू झाली.

"रामकिसन लिंबाजी." थांबली. ठिपका. आणखी दोन-तीन नावं, ठिपके. "हौसा." ठिपका. मग तिनं वही मिटायला घेतली. मला वाटलं संपलं, आता आत जावं. तेवढ्यात तिनं स्पष्ट आवाजात पुकारलं.

"सुजाता भगवान."

मी तिला फक्त सुजाता सांगितलं होतं.

रस्त्यावर, डोक्यावर ओलं गाठोडं घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मी होता तेवढ्या जोरानं ओरडले, "हजर बाई!"

आईनं फाटकाकडे बघितलं. "तू अजून गेली न्हाईस व्हय?" म्हणाली, आणि मान खाली घालून वहीत ठिपका दिला.